माशी, दुर्बीण आणि लाल ठिपका

शिस्त या शब्दाशी आपली ओळख शाळेतल्या घंटेमुळे होते. रांगेत उभे राहावे, वेळेवर यावे, गलबला करू नये, ही शिस्त. जुन्या मराठीत मात्र शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. फारसीतून आलेला हा शब्द आधी तोडेदार बंदुकीच्या नळीवर बसला आणि मग हळूहळू माणसाच्या वर्तनाकडे वळला. त्याचा सोबती 'नेम' हा उलट्या वाटेने आला. तो मूळचा नियम. व्रताचा, उपासाचा, नित्य आचाराचा. आणि तोच पुढे बंदुकीच्या टोकाशी जाऊन बसला. नव्या करारात पाप या अर्थी जो ग्रीक शब्द योजिलेला आहे, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला हे सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात, आणि मग मागच्या बाकावरून हमखास विचारणा येते, की बंदुकीचा नेम नेमका कशाने धरतात.

सांवेरसारख्या गावात हा प्रश्न मुळीच परका नाही. इंदूरच्या उत्तरेला उज्जैनच्या वाटेवर आमचे सांवेर, आणि इंदूरच्या दक्षिणेला महू, जिथे भूसेनेचे इन्फंट्री स्कूल आहे आणि निवडक नेमबाजांना घडविणारे आर्मी मार्क्समनशिप युनिटही आहे. एन. सी. सी. च्या शिबिराला जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत महूची ओढ असते. हल्ली त्यांनी जवानांची छायाचित्रे पाहिलेली असतात आणि त्या छायाचित्रांतील बंदुकांच्या पाठीवर काही ना काही यंत्र बसविलेले असते. कधी काचेची लहानशी खिडकी, कधी वीतभर लांबीची नळी. सर, यांतले चांगले कोणते, लाल ठिपका की दुर्बीण, असे मुले विचारतात. एका वाक्यात उत्तर देता येईल. परंतु ते उत्तर खोटे ठरेल. या निवडीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा धागा आपल्या माळव्यातून, पुण्यातून आणि मराठी पलटणींतून गेलेला आहे.

प्रथम महिदपूरकडे वळू. उज्जैनच्या पुढे क्षिप्रेच्या काठी २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेची आणि सर टॉमस हिस्लॉप व सर जॉन माल्कम यांच्या फौजेची गाठ पडली. होळकरांचा तोफखाना उत्तम होता. इंग्रजी पायदळाने नदीचा उतार ओलांडून तोफांच्या तोंडावर चाल केली, आणि त्यांचे मेलेले व जखमी मिळून आठशेच्या आसपास माणसे पडली, ती मुख्यतः या तोफांमुळे. पायदळाच्या हातातील बंदूक कशी होती, हे मात्र कोणी सहसा सांगत नाही. तिची नळी आतून गुळगुळीत. पुढे टोकाशी एक उंचवटा, तोही मूळचा संगीन अडकविण्यासाठी. मागे डोळ्याजवळ नेमासाठी काहीही नाही. शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला उद्देशून मारलेली गोळी त्यालाच लागेल, असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगितले नसते. म्हणून हुकूम बंदूक समोर करण्याचा असे, नेम धरण्याचा नसे. शेकडो नळ्या एकदम सुटत आणि जे व्हावयाचे ते संख्येच्या जोरावर होई. लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि त्याच वर्षी महूची छावणी वसली. म्हणजे आज जिथे एकेका गोळीचा हिशेब शिकवितात, त्या छावणीचा जन्म नेम न धरणाऱ्या बंदुकीच्या लढाईतून झाला.

नळीच्या आत पीळ कोरला गेला आणि चित्र पालटले. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची काडतुसे १८५७ च्या उठावात गाजली. परंतु तिच्या नळीवरील उभी करावयाची ती लहानशी शिडी इतिहासाच्या पुस्तकांत दुर्लक्षित राहिली. या शिडीवर शेकडो यार्डांचे आकडे कोरलेले असत. अंतर ओळखावे, पट्टी त्या आकड्यावर सरकवावी, मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावी आणि चाप दाबावा.

हे सांगावयास सोपे आहे. करताना अडचण अशी, की मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, आणि लक्ष्य दोनशे यार्डांवर. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे निसर्गाला मंजूर नाही. सर्व जुने शिक्षक एकच सांगत आले, की माशी स्पष्ट ठेवा आणि बाकीचे धूसर राहू द्या. तरुणपणी हे जमते. चाळिशी उलटल्यावर डोळ्यातील भिंगाची लवचीकता जाते आणि नेमकी ती माशीच विरघळू लागते. शिबिरात .२२ च्या रायफलीवर मुलांना शिकविताना मी हा अनुभव स्वतः घेतलेला आहे. जवळचा चष्मा लावावा तर लक्ष्य नाहीसे होते, आणि काढावा तर माशीच्या जागी राखाडी धुके उरते. मागच्या खाचेच्या जागी बारीक भोक असले, तर थोडा आराम पडतो. भोकातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो आणि तीनांपैकी एका वस्तूची चिंता मिटते. दुसऱ्या महायुद्धातील चार नंबरी रायफलीवर अशीच भोकाची योजना होती. पण उरलेल्या दोन वस्तूंचे भांडण तिनेही मिटले नाही.

ते मिटविण्याचे दोन मार्ग निघाले, आणि दोहोंचा आपल्या भागाशी संबंध आहे, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

पहिला मार्ग दुर्बिणीचा. बंदुकीवर दुर्बीण चढविण्याच्या कल्पनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्यांपैकी एक होते कर्नल डेव्हिड डेव्हिडसन. हे मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेले स्कॉटिश अधिकारी. त्यांच्या नावाची दुर्बीण पुढे व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसविण्यात आली, आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी ती वापरली. दुर्बीण दोन कामे करते. दूरचे लक्ष्य मोठे करून दाखविते. आणि तिच्या आतील तारांची फुली व लक्ष्य यांची प्रतिमा एकाच प्रतलावर आणते, त्यामुळे डोळ्याला दोन अंतरांत झुलावे लागत नाही. मात्र याची किंमत मोजावी लागते. जितके मोठे दिसेल तितके थोडे दिसेल. नळीतून पाहणाऱ्याला झाडाचे पान दिसते आणि झाडामागून येणारा माणूस दिसत नाही.

दुसऱ्या मार्गाचे श्रेय डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांचे. ग्रब घराणे खगोलशास्त्रीय दुर्बिणींसाठी जगात विख्यात होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख, आणि तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्यातून १८८८ च्या सुमारास आलेली होती. याच नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथून अभ्यासिले. पुढे १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या आकाशाकडे रोखलेली दुर्बीण ज्या कारखान्याने दिली, त्याच कारखान्याच्या धन्याने १९०० साली बंदुकीसाठी एका नव्या नेमयंत्राचे पेटंट घेतले.

कल्पना अशी. एक प्रकाशित खूण घ्यावयाची. तिच्यातून निघणारे किरण भिंगाने समांतर करावयाचे. आणि तिरक्या काचेवरून ते डोळ्याकडे परतवावयाचे. पाहणाऱ्याला ती खूण काचेवर दिसत नाही. ती पार दूर, लक्ष्याच्याच अंगावर उमटल्यासारखी दिसते. डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी खूण लक्ष्यावरून फारशी ढळत नाही. खाच नको, माशी नको, एक डोळा मिटावयास नको. आज आपण ज्याला लाल ठिपका म्हणतो, त्याचे बीज पूर्णपणे येथे आहे. पण १९०० साली अशी लहान, टिकाऊ, थोड्या विजेवर जळणारी ज्योत कोणाजवळ नव्हती. म्हणून ही कल्पना पायदळाच्या हाती आली नाही. ती विमानात गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी ती लढाऊ विमानांवर बसविली, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर हरिकेन विमाने उडविणाऱ्या आपल्या हवाईदलाच्या वैमानिकांसमोर असेच परावर्ती नेमयंत्र होते.

मधल्या काळात दुर्बिणीचे राज्य आले. इंग्रजीतील 'स्नायपर' हा शब्द हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी रूढ केला. पाणलावा हा दलदलीतला पक्षी वेडावाकडा उडतो, त्याला टिपणे अवघड. त्याच्या इंग्रजी नावावरून लपून टिपणाऱ्यास हे नाव पडले. १९१४ साली फ्रान्सच्या खंदकांत जर्मनांकडे शिकाऱ्यांच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली होत्या, आणि इंग्रजांची मात्र तारांबळ उडालेली होती. मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी आघाडीवर हिंडून तपासणी केली, तेव्हा त्यांना कितीतरी रायफलींवरील दुर्बिणी मुळात नळीशी जुळविलेल्याच नाहीत असे आढळले. यंत्र होते, त्याला सांभाळणारा हात नव्हता. काही अधिकाऱ्यांनी नळीशिवाय नुसती दोन सुटी भिंगे बंदुकीवर बसवून जेमतेम दुप्पट मोठे दिसेल अशी सोय केली. कमी शक्तीच्या दुर्बिणीचे हे एक गरीब पूर्वज होत.

मेसोपोटेमियातील मराठा पलटणींची गोष्ट निराळी. कुत-एल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला, आणि तैग्रिसच्या पलीकडच्या काठावरून टिपणारे रोज कोणाला ना कोणाला घायाळ करीत. तो प्रदेश तव्यासारखा सपाट, आणि ऊन चढले की जमिनीवर मृगजळ नाचू लागते. आपल्या माळव्यात गहू निघाल्यावर, चैत्र-वैशाखात, काळ्या रानावर दुपारी जे थरथरते पाणी दिसते ना, तसेच. येथे दुर्बिणीचा एक दोष उघडा पडतो. ती लक्ष्य मोठे करते, त्याबरोबर मृगजळही मोठे करते. सकाळी चारपट शक्तीने जे रेखीव दिसते, ते दुपारी उकळत्या पाण्यातल्यासारखे हलू लागते. तेव्हा शक्ती कमी करता आली तर बरे, हे ज्ञान तेथून पुढे बळावत गेले.

आता याच्या अगदी उलट टोकाचा प्रसंग पाहा. १० जुलै १९४४, इटलीतील वरच्या टायबर नदीचे खोरे. तिसऱ्या बटालियनच्या, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्याखेरीज सारे पडले. घाडगे एकटे धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा बंद पाडला, दुसऱ्याला टॉमीगनने मारले. नवी मॅगझिन चढविण्याइतकाही वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीचा दांडा उगारला. शेवटी दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मला त्या पुतळ्याजवळ नेहमी हा विचार येतो, की अशा दहा-वीस पावलांच्या झुंजीत माशी कोण पाहतो? डोळे शत्रूवर खिळलेले असतात, दोन्ही उघडे असतात, आणि ते तसेच राहणार. मनुष्यस्वभावाला धरून चालणारे नेमयंत्र हवे असेल, तर ते उघड्या डोळ्यांनी, लक्ष्याकडे पाहूनच वापरता आले पाहिजे.

असे यंत्र पायदळाला मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर व्हिएटनाममधील सोन ताय येथील तुरुंगावर अमेरिकनांनी रात्री छापा घातला, तेव्हा त्यांच्या बंदुकांवर एक विचित्र नळी होती. तिच्यातून समोरचे काही दिसतच नसे. एका डोळ्याला फक्त ठिपका दिसे, दुसऱ्याला लक्ष्य, आणि मेंदू दोहोंची सांगड घाली. कैदी आधीच दुसरीकडे हलविलेले होते, ही गोष्ट वेगळी. मग १९७५ च्या सुमारास स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने विजेवर उजळणारा लाल ठिपका बाजारात आणला, तोही प्रथम शिकाऱ्यांसाठी. झाडीतून अचानक निघणाऱ्या जनावरासाठी तो योग्यच होता. प्रकाश देणारा डायोड अत्यल्प वीज खातो, म्हणून ग्रब यांचे अडलेले काम पुरे झाले. १९९७ मध्ये अमेरिकन भूसेनेने तो अधिकृतपणे स्वीकारला. आरंभी बॅटरीची काळजी करावी लागे. आता चांगल्या यंत्राची बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.

त्याच दशकात ऑस्ट्रियाने दुसरी वाट धरली. १९७७ साली स्वीकारलेल्या त्यांच्या रायफलीवर दीडपट मोठे दाखविणारी दुर्बीण कायमची बसविलेली होती. तिच्यात फुलीऐवजी एक वर्तुळ. आणि साधारण सहा फूट उंचीचा माणूस तीनशे मीटरवर त्या वर्तुळात नेमका मावेल असा त्याचा आकार. इंग्रजांनी आणि नंतर अमेरिकन मरीन सैनिकांनी चारपट शक्ती पसंत केली. चारपट दुर्बिणीतून शंभर मीटरवर जेमतेम अकरा-बारा मीटर रुंदीचा प्रदेश दिसतो, आणि खोलीच्या दारात ती कामाची नाही. म्हणून पुढे आली ती शक्ती बदलणारी छोटी दुर्बीण: एकपटीपासून चार, सहा किंवा आठपटीपर्यंत. कडे फिरवावे आणि हवी तेवढी शक्ती घ्यावी. आजचा वाद खरा या दुर्बिणीचा आणि लाल ठिपक्याचा आहे.

वाद ऐकताना थोडे आकडे हाताशी असावेत. ठिपका किती जाड, हे कोनाच्या मापात सांगतात. सामान्य ठिपका दोन कलांचा असतो. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणावे, हे आपले जुने ज्योतिषी सांगून गेलेले आहेत. असा ठिपका शंभर मीटरवर सुमारे सहा सेंटीमीटर झाकतो, आणि तीनशेवर सतराअठरा. माणसाच्या छातीच्या मानाने हे काही फार नाही. तीनशे मीटरपर्यंत ठिपक्याने छाती साधता येते. साधता येत नाही ते पाहणे. यंत्राचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास; बदलत्या शक्तीची दुर्बीण बैठकीसकट सातआठशे ग्रॅम भरते. दिवसभर बंदूक खांद्यावर वागविणाऱ्याला हा फरक पुस्तकातून सांगावा लागत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट डोळ्याच्या जागेची. ठिपक्याच्या काचेतून मान वाकडी करूनही पाहता येते. दुर्बीण एकपटीवर आणली तरी ती दुर्बीणच राहते. डोळा तिच्यामागे ठरावीक अंतरावर, ठरावीक झरोक्यात असला पाहिजे, नाहीतर कडेने काळी सावली चढते. हा झरोका किती मोठा, हे तोंडी गणिताने काढता येते: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले शक्ती. चोवीस मिलिमीटरचे भिंग आणि सहापट शक्ती, म्हणजे चार मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. तिला चारचाच प्रकाश मिळाला तर संधिकाळी चित्र मंद दिसणार. आठव्या इयत्तेतले मूल हा भागाकार करील, पण विक्रेत्यांच्या पत्रकात तो क्वचितच आढळतो.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर चाळिशीच्या मंडळींना एक गोष्ट सांगून टाकतो. लाल ठिपका दूरवर उमटल्यासारखा दिसतो, म्हणून ज्यांचा जवळचा चष्मा आहे त्यांना तो वरदान वाटतो. माशीचे धुके तेथे नाही. परंतु ज्यांच्या बुबुळाची गोलाई असमान आहे, त्यांना तो ठिपका गोल न दिसता फुटलेल्या दिवाळीच्या फुलबाजीसारखा दिसतो. अशा माणसाला काचेवर कोरलेल्या रेषांची दुर्बीण बरी, कारण तिच्या मागील कडे फिरवून रेषा आपल्या डोळ्याला स्वच्छ करून घेता येतात. तेव्हा दोघांत चांगले कोणते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत असते.

उरलेले निम्मे उत्तर भूमीत असते. आपल्या देशाने दोन्ही वाटा वापरलेल्या आहेत. इस्रायलकडून घेतलेल्या ताव्होर रायफली आपल्या विशेष दलांकडे आल्या त्या परावर्ती नेमयंत्रासह. आणि तुकडीतील निवडक नेमबाजाच्या हातात रशियन ड्रागुनोव्ह आली, चारपट दुर्बीण घेऊन. पुण्याच्या पाषाण येथील संस्थेने रचलेली इन्सास आली ती साध्या माशीचीच. २०१९ च्या करारानुसार अमेरिकेहून ७२,४०० सिग रायफली घेण्यात आल्या, आणि त्यांच्या पाठीवर दात असलेली पट्टी आहे. या पट्टीवर हवे ते यंत्र चढविता येते, म्हणून आता निवड कारखान्यात संपत नाही. ती पलटणीपर्यंत येते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये ५८ माणसे मारली गेली. तेथील पोलिसांच्या हाती काठ्या होत्या आणि पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाच्या घराण्यातील .३०३ रायफली होत्या, दर गोळीमागे बोल्ट ओढावयाच्या. लाल ठिपका असता तर सारे टळले असते, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. त्या रात्री उणीव सरावाची होती, संदेशाची होती, चिलखताची होती. परंतु अंतरे पाहिली तर ती फलाटाच्या लांबीरुंदीची होती. गर्दी, खांब, धावणारी माणसे. अशा जागी सहापट दुर्बिणीचा उपयोग नाही, आणि एक डोळा मिटून माशी शोधण्यासही अवसर नाही. शहरातील चकमकीपुरते बोलावयाचे तर माझा कौल ठिपक्याला आहे, आणि त्यात मला संदेह वाटत नाही.

गडचिरोलीत मात्र माझा कौल डळमळतो. १९९० साली स्थापन झालेल्या सी-६० पथकाने ज्या जंगलात दशकानुदशके काम केले, ते जंगल वर्षातून दोनदा रूप पालटते. श्रावणात वीस पावलांपलीकडे बांबूचा पडदा; चैत्रात सागाची पाने गळून गेलेली आणि टेकडीवरून दोन-तीनशे मीटर मोकळे दिसते. ऋतूप्रमाणे यंत्र बदलावे की काय? आणि त्याच चैत्र-वैशाखात गावकरी रानात असतात. मोहाची फुले, मग तेंदूची पाने. खांद्यावर काठी, काठीला गाठोडे. तीनशे मीटरवरून उघड्या डोळ्याला काठी आणि बंदूक सारखीच दिसते. लाल ठिपका त्या माणसाच्या छातीवर अचूक बसेल, पण त्याच्या हातात काय आहे हे सांगणार नाही. चारपट भिंग सांगेल. दुर्बिणीच्या बाजूने जितके युक्तिवाद मी वाचले, त्यांत नेम चांगला लागतो हा मला सर्वांत हलका वाटतो, आणि गोळी न झाडण्याचा निर्णय तिच्यामुळे करता येतो, हा सर्वांत जड.

यावरही एक आक्षेप आहे, आणि तो खोडून काढता येत नाही. बंदुकीवरील दुर्बिणीने माणूस न्याहाळणे म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखणेच होय. मोहा वेचणाऱ्या बाईला काय कळावे, की समोरचा तिला ओळखण्यासाठी रोखतो आहे की मारण्यासाठी? म्हणून पाहण्याची दुर्बीण वेगळी, गळ्यात अडकविलेली असावी. आणि ती तुकडीत एकाजवळ तरी असेल, तर बाकीच्यांच्या बंदुकांवर हलका ठिपका पुरेल. मला ही वाटणी पटते. ठिपक्याच्या मागे तिप्पट शक्तीचे बिजागरीचे भिंग बसवून ते हवे तेव्हा पुढे आणण्याची सोय निघालेली आहे, आणि दुर्बिणीच्या डोक्यावर छोटा ठिपका बसविण्याचीही. दोन्ही तडजोडी चालतात; दोन्हींत वजन आणि खर्च वाढतो.

खासगी नागरिकापुढे हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ येतच नाही. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय बंदूक बाळगू देत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. उरते ती क्रीडा. तेथे गंमत अशी, की ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही प्रकार बाद आहेत. रायफलीवर लक्ष्य मोठे करून दाखविणारे भिंग चालत नाही आणि प्रकाशाचा ठिपकाही चालत नाही. २०१२ साली लंडनला पिस्तुलात रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार महूच्या युनिटचे. त्यांच्यापुढे खाच आणि माशीच होती. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून ते साधावयाचे, मागे एक भोक आणि पुढे एक कडे, एवढ्यावर.

गेल्या शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी हे सर्व सांगितले नाही. त्याला .२२ ची रायफल दिली, पोटावर झोपविले, आणि भोकातून पाहताना माशी स्वच्छ दिसते का, असे विचारले. दिसते, तो म्हणाला. मला दिसत नव्हती. त्याने पाच गोळ्या झाडल्या आणि लक्ष्याचा कागद आणावयास तो स्वतःच धावत गेला. पाचांतल्या तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकत होत्या.